माणूस चालीवरून ओळखायचं

ज्या कुणी "वळखलं का मला?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे. भेटला तरी मी त्याला ओळखणार नाही, ही गोष्ट वेगळी. पण कुणी तरी बाजूला उभं राहून सांगावं की हाच तो, मग मी बघते त्याच्याकडे.

आमच्याकडे लग्नात जा, तेराव्याला जा, दवाखान्यात जा, एक तरी माणूस असं पुढ्यात येऊन उभं राहतंच. हात धरतं, तोंडभर हसतं, आणि गुमान नाव सांगायचं सोडून माझी परीक्षा घेतं. दहा वर्षांनी भेटलेली आत्येबहीण लक्षात नसली तर लोक चालवून घेतात. माझं तसं नाही. माझ्या लक्षात कालची बाई आज राहत नाही. सकाळी नळावर जिच्याशी तासभर सुखदुःखाचं बोलले, ती दुपारी साडी बदलून गिरणीवर आली की माझ्यासाठी नवीच बाई. ती आपली हक्काने विचारते, "मंग, काय ठरलं?" मी म्हणते, "बगू की." काय ठरायचं होतं ते देवाला ठाऊक.

डोळ्यांना काही झालेलं नाही. परभणीच्या डॉक्टरांनी मला भिंतीवरचा तक्ता पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावला आणि म्हणाले, बाई, तुमची नजर घारीची आहे, उगीच पैसे घालू नका. नजर घारीची आहेच. समोरच्या बाईचं नाक मला दिसतं, डोळे दिसतात, कपाळावरचं गोंदण दिसतं. सगळं सुटं सुटं दिसतं. त्या सगळ्याचं मिळून तुमच्या डोक्यात एक माणूस तयार होतं, ते माझ्या डोक्यात होत नाही. तिने पाठ फिरवली की पाटीवर ओला हात फिरला.

मग जगायचं कसं? तर बाकीच्या गोष्टींवर. आमचे शेजारी डाव्या पायाची चप्पल घासत चालतात. समोरची म्हातारी बोलायच्या आधी दोनदा खाकरते. दूधवाल्याच्या अंगाला पेंडीचा वास येतो, आणि शाळेच्या मास्तरांना येतो तंबाखूचा, जी त्यांनी सोडलेली आहे असं त्यांच्या बायकोला वाटतं. कोण पाऊल टाकताना खांदा पाडतं, कोण हसायच्या आधी श्वास घेतं, कोणाच्या बांगड्या कशा वाजतात, हे मला गावातल्या सगळ्यांचं पाठ आहे. तुम्ही लोक एक तोंड बघता आणि सुटता. मला एका माणसासाठी सतरा गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि तरी लोक म्हणतात हिचं ध्यान नसतं.

तेवढ्यावरही नाही जमलं तर माझं एक ठरलेलं वाक्य आहे. "काय, बरं हाय ना? घरचे काय म्हणतेत?" हे वाक्य सोयऱ्याला चालतं, सावकाराला चालतं, आणि एकदा मी ते आमच्याच आमदारांना म्हणाले तर तेही खूश झाले. त्यांना वाटलं, बाई आपल्या घरच्यांची विचारपूस करायली.

माझे वडील मेंढरं राखायचे. शंभराच्या वर मेंढरं, आणि ती सगळी त्यांना तोंडावरून ओळखू यायची. ओढ्यावर दुसऱ्याचा कळप पाण्याला आला की दोन्हीकडची मेंढरं मिसळून जायची. वडील हाक मारायचे, त्या हाकेवर आपली निघून यायची, आणि जी एखाददुसरी वेंधळी राहायची तिला वडील गर्दीतून बरोबर मानेला धरून ओढून काढायचे. एकदा ते तापाने पडले आणि हे काम माझ्यावर आलं. मी हाक मारली, आली तेवढी आली, राहिलेल्यांतली दोन मी अंदाजाने ओढून आणली. घरी आल्यावर वडिलांनी गोधडीतून नुसती मान वर केली आणि म्हणाले, ही दोन कुणाची उचलून आणली गं?

मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेंढीसमोर बसवलं आणि म्हणाले, "मेंढराला बी मानसावानीच तोंड असतंय. बग नीट." मी नीट बघितलं. तोंड दिसत होतं. ते कुणाचं आहे ते दिसत नव्हतं. मी त्यांना म्हणाले, दिसलं. त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले ते पुढे चाळीस वर्षं बोलत होते.

लग्न होऊन मी झरीच्या बाजूला आले. आमचे मालक आणि त्यांचे दोन भाऊ, तिघांची उंची एक, मिश्या एक, आणि सासऱ्यांनी एकाच ताग्यातून शिवून घेतलेले सदरेही एक. हळदीच्या अंगाने मी पहिल्यांदा शेतात भाकरी घेऊन गेले. बांधावर एक जण बसला होता. मी डोक्यावरचा पदर आणखी ओढला, भाकरी सोडली, ठेचा वाढला, कांदा बुक्कीने फोडून दिला आणि नव्या नवरीने बोलावं तसं हळूच म्हणाले, "आवो, सावकाश जेवा." त्याने गुमान चार घास खाल्ले. मग म्हणाला, "वैनी, दादा तिकडं मोटारीपाशी हायेत."

वर्षभर घर हसत होतं. येंधळी, हे नाव मला तेव्हा पडलं आणि मी ते पडू दिलं. येंधळी म्हटलं की लोक हसून सोडून देतात. खरं सांगितलं असतं तर कुणी देवऋषाकडे नेलं असतं, कुणी माहेरी नेऊन सोडलं असतं. मी मालकांची चाल पाठ केली. ते उजवा खांदा पुढे काढून चालतात, आणि शेळ्या बांधताना दातांतून शीळ घालतात. त्यावर आमचा संसार झाला आणि बरा झाला.

पुढे मला अंगणवाडीचं काम मिळालं. एकाच मापाची तीस लेकरं, सगळ्यांची डोकी तेल लावून चप्प बसवलेली. मी रोज दोनदा हजेरी घ्यायची, आल्यावर एकदा आणि खिचडीच्या आधी एकदा. माझ्यासारखी शिस्तीची ताई तालुक्यात नाही, असं साहेब म्हणायचे. शिस्त कुठली आली, लेकरांनी तोंडाने "हाजर" म्हटल्याशिवाय मला कोण कुठलं ते कळतच नव्हतं.

त्याच कामाच्या एका प्रशिक्षणात मला माझं दुखणं सापडलं. एक तरुण मॅडम लेकरांच्या वाढीबद्दल सांगत होत्या. डोळ्याला दिसतं आणि मेंदू ओळखतो, ही कामं दोन आहेत, असं त्या म्हणाल्या. त्यातही माणसांची तोंडं ओळखायचं काम मेंदू निराळ्या जागी करतो. रंग, वस्तू, अक्षर, सगळं धड असून काही जणांचं नेमकं तेवढंच काम जन्मापासून अधू असतं. अशा माणसांना आपल्याला असं काही आहे हेच पुष्कळदा माहीत नसतं. सगळ्यांचं असंच असेल, आपणच मन लावत नाही, असं त्यांना वाटतं.

मी तिथे बसल्या बसल्या रडले. शेजारच्या ताईला वाटलं मला कुपोषणाच्या तक्त्यावरून रडू आलं. माझ्या वडिलांनी मला मेंढीसमोर बसवलं होतं ना, ते मला आठवत होतं. मी मन लावलं होतं. जीव तोडून लावलं होतं. माझा काही गुन्हा नव्हता, हे मला पन्नाशीला टेकल्यावर एका पोरसवदा मॅडमकडून कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून, एका मैत्रिणीचं म्हणून सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, याला औषध नाही, पण धोकाही नाही. आणि मग सहज म्हणाल्या, हे पुष्कळदा घराण्यात उतरतं.

ते ऐकलं आणि माझं रडू जागच्या जागी थांबलं. माझी मुलगी तेव्हा लग्नाची होती.

मुलीला हे नाही, याची माझी खात्री होती. तिला जत्रेच्या गर्दीतही लांबून माणूस ओळखू येतं. ती लहान असताना मी तिला कडेवर घेऊन बाजारात हिंडायची आणि विचारायची, ती कोण गं? ती कोण गं? लोकांना वाटायचं मी लेकराला शिकवायले. पण ही खात्री माझी. सोयरिकीच्या बाजारात माझ्या खात्रीला कोण विचारतो? आईच्या रक्तात काही तरी आहे, एवढं एक वाक्य वाऱ्यावर गेलं की पुढचं गावच सांगतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. मालकांनासुद्धा सांगितलं नाही.

स्थळ आलं ते वालूरचं. माणसं चांगली, शेती, शेळ्या आणि वाड्यावस्तीला चालणारं किराणा दुकान. पोरगा शांत, आणि मुख्य म्हणजे मुलीला तो आवडला होता. बघायच्या कार्यक्रमात सगळे एकमेकांच्या घरादाराचं बोलत होते आणि मी एकटी मुलाच्या आईला पाठ करत बसले होते. आवाज भरडा, दळताना जात्याचा येतो तसा. अंगावर मोरपंखी साडी. ही काही कामाची नाही, साडी बदलते. बसताना गुडघ्यावर हात टेकते. आवाज सगळ्यांत पक्का, तोच धरून ठेवायचा. मी मनात दहा वेळा तो आवाज घोकला आणि निर्धास्त झाले.

पंधरा दिवसांनी पाथरीला गेले होते, बाजाराला. परतीच्या जीपगाड्या स्टँडबाहेर लागतात आणि तिथे जागा धरायची आमची सगळ्यांची एकच रीत आहे. खिडकीतून आत रुमाल टाकायचा. रुमाल पडला ती जागा तुमची, मग तुम्ही खुशाल चहा पिऊन या. मी दोन पिशव्या सांभाळत जीपमध्ये चढले तर खिडकीजवळच्या जागेवर एक निळा रुमाल पडलेला, आणि माणूस कुणी नाही. माझे गुडघे दुखत होते, ऊन डोक्यात गेलं होतं. मी तो रुमाल दोन बोटांनी उचलला, खिडकीबाहेर टाकला आणि बसले.

तेवढ्यात एक बाई दाराशी आली. माझ्याकडे बघून तोंडभर हसली आणि उभी राहिली. काही बोलेना. मी म्हणाले, "बाई, सरका म्होरून, वारं येऊ द्या." तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं रुमाल हिचा असेल, म्हणून मी आणखी जोर केला आणि सांगितलं, रुमाल टाकून जागा घ्यायला गाडी काय तुमच्या घरची हाय का? ती एक अक्षर न बोलता वाकली, धुळीतला रुमाल उचलला, झटकला आणि मागच्या गाडीकडे गेली. मी जिंकले म्हणून झरीपर्यंत खूश होते.

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मालकांनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, पण उजवा खांदा एकदम खाली आला. ती बाई मुलाची आई होती. मुलाकडची म्हणून मान तिचा. मी आधी रामराम घालीन म्हणून ती हसत उभी राहिली होती. तर मी ओळख दिली नाही, तिचा रुमाल रस्त्यावर फेकला आणि चार माणसांत तिला बोलले. अशा माजोऱ्या घरची पोरगी आपल्याला नको, असं वालूरला चाललं होतं. अजून नाही म्हणाले नव्हते, पण हो म्हणायचेही थांबले होते.

मुलगी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, भांडली नाही. तिने फक्त स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

आता करायचं काय? गप्प बसले तर मी माजोरी. खरं बोलले तर घराण्यात खोट. दोन्हीकडून पोरीचंच लग्न मोडायलं. मालक म्हणाले, चष्मा घरी राहिला होता म्हणून सांग. मी म्हणाले, मला चष्माच न्हाई. ते म्हणाले, मग कर एक.

संक्रांतीचं हळदीकुंकू आडवं आलं म्हणून वाचलो. वालूरला मुलाच्या घरी हळदीकुंकू होतं आणि मध्यस्थाने गोडीत सांगून पाहिलं की बायकाबायकांत तिळगूळ होऊन जाऊ द्या. मी निघाले. सोबत थोरल्या जाऊबाईंना घेतलं. त्यांना मी निम्मंच खरं सांगितलं, की मला लाजेने कळणार नाही, तुम्ही मुलाच्या आईजवळ गेलो की मला कोपर मारा. त्या हो म्हणाल्या. पण दारात पाऊल टाकलं आणि त्यांना त्यांच्या माहेरची एक बाई भेटली. त्या दोघी गळ्यात गळा घालून माजघरात गेल्या, त्या गेल्याच.

आणि मी बघते तर काय, पंचवीस बायका आणि पंचवीस काळ्या साड्या. संक्रांत होती ना! सगळ्यांच्या केसांत गजरे, नाकात नथी, कपाळाला मळवट. साडी सांगत नव्हती, दागिने सांगत नव्हते, दाटीवाटीने बसलेल्या त्यामुळे चालही नव्हती. हरकत नाही, मी म्हणाले, आवाज आहे. मी भिंतीला टेकले आणि कान लावून बसले. थोड्या वेळाने डाव्या हाताला आला. भरडा, जात्याचा. देवाला हात जोडले आणि उठले.

त्या बाईपुढे मी सरळ गुडघ्यावर बसले. तिच्या ओंजळीत तिळगूळ घातला, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, की त्या दिवशी माझी लय मोठी चूक झाली, इहीनबाई, माझ्या तोंडून भलतं गेलं, त्याची शिक्षा माझ्या लेकीला देऊ नका. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मनापासून म्हणाले.

ती बाई बावरली. पुसाच्या थंडीत निम्म्या वालूरचे घसे बसले होते, हे माझ्या हिशोबात कुठे होतं? माझ्या पाठीमागून, कोयरी धरून उभी असलेली एक बाई थंडपणे म्हणाली, "ती माझी जाऊ हाय. मी हितं हाय."

कुणी तरी फिस्सकन हसलं. मी वळले. त्या बाईचं नाक बघितलं, डोळे बघितले, कपाळ बघितलं. काही नाही. मी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. आणि तिच्या आवाजात आता अशी धार होती, की ही दुसऱ्यांदा केलेली चेष्टा तिने मनात लिहून ठेवली, हे कळत होतं. मला एकदम लय राग आला. तिचा नाही. चाळीस वर्षांचा राग. येंधळी म्हणून हसत होते त्या दिवसांचा, मेंढीसमोर बसून दिसलं म्हणाले त्याचा. एवढं करून जर लग्न मोडणारच असेल तर खोटेपणाने कशाला मोडायचं?

मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. मला कुणाचंच तोंड ओळखू येत नाही, जन्मापासून येत नाही. तुमचं नाही, शेजारणीचं नाही, ज्याच्याशी संसार केला त्या नवऱ्याचंही नाही. दिराला नवरा समजून जेवू घातलेलं सांगितलं, तीस लेकरांची हजेरी सांगितली. त्या दिवशी जीपपाशी तुम्ही नुसतं "मी" म्हणाला असता तरी मी पायावर डोकं ठेवलं असतं. बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

मुलाची आई कोयरी घेऊन माझ्या पुढ्यात आली. मग तिने नेमका तोच प्रश्न विचारला. "पोरीला बी हाय का हे?"

खोलीत पंचवीस बायका आणि माझ्या उत्तरावर माझ्या लेकीचं घर. मी म्हणाले, तिला न्हाई. पण तिच्या पोटच्याला होईल का न्हाई, त्याची हमी मी देऊ शकत न्हाई. लोक म्हणतेत, रक्तातनं येतंय.

ती म्हणाली, "आन् तुमी तुमच्या लेकीला कशी वळखता?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी म्हणाले, "चालीवरनं. लांब ढांगा टाकते, टाच आपटते. सोंगटीएवढी होती तवापून. डोळे मिटले तर तिचं तोंड माझ्या म्होरं येत न्हाई, इहीनबाई. तिची चाल येते."

तिने कोयरीत बोट बुडवलं, माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, इतकं जोरात की कपाळ दुखलं. मग मागे वळून आपल्या घरच्या बायकांना त्या भरड्या आवाजात सांगितलं, "माजाला औषध नसतंय. हेला हाय. आजपून ह्यांच्या म्होरं जाईल त्यानं आधी आपण कोन ते सांगायचं, मंग बोलायचं." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, रुमालाचं मात्र मी विसरणार न्हाई. ती अजून विसरलेली नाही. दर भेटीत काढते.

लग्न झालं. मांडवात सगळं वालूर ओळीने माझ्यासमोर येत होतं आणि हात जोडून स्वतःला जाहीर करत होतं. मी नवरदेवाचा थोरला चुलता. मी त्याची धाकटी मावशी, सेलूची. मी कोणी नाही, मी फक्त मंडपवाला. असा मान मुलीच्या आईला कुठल्या लग्नात मिळाला असेल? आमच्या मालकांना हे सगळं त्या दिवशीच नीट कळलं. रात्री घरी आल्यावर ते उंबऱ्यापाशी थांबले आणि जरा लाजून म्हणाले, मी हाय, तुझा नवरा. मी म्हणाले, वळखलं, शीळ घालून आत या.

पाठवणीला मी रडले नाही. लोकांना नवल वाटलं. मला रडून डोळे भरून चालणार नव्हतं. गाडीपर्यंत ती चालत गेली ते मला पुरतं बघून ठेवायचं होतं.

आखाडाला ती पहिल्यांदा माहेरी यायची होती. मी एकटीच झरीच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. जीप थांबली, पाच-सहा बायका उतरल्या. मी लांब ढांगा शोधत होते, टाचांचा आवाज शोधत होते. दोन बायका उजवीकडे गेल्या. एक म्हातारी होती. एक बाई डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून, लहान लहान पावलं टाकत आली. जोडवी नवी होती, टोचत असावीत, पाय जपून ठेवत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या खांद्यावरून मागे जीपकडे बघायला लागले, माझी मुलगी अजून का उतरत नाही म्हणून.

ती बाई थांबली. मग तिने सासरी ठरलेल्या रीतीने सांगितलं. "आई, मी. तुझी लेक."

मी म्हणाले, माहीत हाय मला, येडी का काय. तिला ते खोटं आहे हे कळलं आणि तिला कळलं हे मला कळलं. तिच्या हातातली पिशवी घ्यायचंही मला सुचलं नाही. सगळ्यांच्या लेकी लग्नानंतर बदलतात म्हणतात, पण त्यांच्या आयांना निदान तोंड तरी राहतं. ती माझा दंड धरून उभी होती. मी पदराने डोळे पुसले आणि तिला म्हणाले, "तू हो म्होरं. पार त्या लिंबापर्यंत चाल. मी मागून येते."

ती लिंबापर्यंत चालली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते. मग तिला म्हणाले, आता परत ये, आणि आणखी एकदा जा. तिने पिशवी खाली ठेवली आणि ऊन होतं तरी कुरकूर न करता तीन फेऱ्या मारल्या.